तीच औषधे, पुन्हा एकदा

गेल्या हिवाळ्यात माझे वडील वाईहून दिल्लीला आमच्याकडे राहावयास आले. अण्णांचे वय ७१ वर्षांचे. पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकविल्यामुळे हिशेबाला चोख आणि शिस्तीला पक्के. त्यांच्या सामानात दोन स्वेटर होते, साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा होता, आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यात डॉक्टरांची एक चिठ्ठी होती. घड्यांवर ती फाटत आली होती आणि तिच्यावरची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती. गेले वर्षभर अण्णा त्याच चिठ्ठीवर दरमहा रक्तदाबाच्या गोळ्या आणीत होते.

तिसऱ्या आठवड्यात गोळ्या संपत आल्या. मी ती चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. वाईला मिळणारी गोळी तेथे नव्हती. दुकानदाराने त्याच द्रव्याची दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. त्याने तसे सांगितलेही असेल, परंतु संध्याकाळच्या गर्दीत माझे लक्ष नव्हते. घरी आल्यावर अण्णांनी नवी पट्टी पाहिली. रंग निराळा, आकार निराळा, नाव निराळे. जुन्या डब्यात आणखी एक पट्टी निघाली. "अगं, ही नवीन दिलेली दिसते. जुनी सकाळी घेतो, ही रात्री घेईन," असे ते म्हणाले, आणि मी मान डोलाविली.

नवव्या दिवशी पहाटे न्हाणीघराकडे जाताना त्यांना चक्कर आली व ते पडले. मनगटाचे हाड मोडले. त्याआधी चार दिवस त्यांचे घोटे सुजले होते. आम्ही तो दोष प्रवासाला आणि थंडीला दिला होता. रुग्णालयातील डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि शांतपणे सांगितले, "या दोन्ही गोळ्या एकच आहेत. आजोबा दुप्पट औषध घेत होते." दोन्ही पट्ट्यांवर औषधाचे मूळ नाव छापलेले होते: अ‍ॅम्लोडिपिन. एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत नेणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. एकाच वस्तूची दोन नावे असू शकतात, हे मला कोणी शिकवावयास नको होते. तरीही पट्टीवरचा तो एक शब्द मी वाचला नव्हता.

या प्रसंगानंतर मी या विषयाची थोडी माहिती मिळविली. ज्या घरात रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा किंवा आकडी यांपैकी एखादा आजार मुक्कामाला आलेला आहे, अशा प्रत्येक कुटुंबाला ती उपयोगी पडेल असे वाटते. आणि आज अशा घरांची संख्या थोडी नाही.

बाटलीपासून पट्टीपर्यंत

आपल्या आजोबांच्या काळी औषध पुन्हा आणण्याचा प्रश्न निराळ्या रीतीने सुटत असे. डॉक्टरांच्या दवाखान्यातच कंपाउंडर मिश्रण तयार करी. बाटलीवर खाचा पाडलेल्या कागदाची पट्टी चिकटविलेली असे आणि एका खाचेपर्यंतचे औषध म्हणजे एक मात्रा. तीन दिवसांनी बाटली रिकामी झाली की ती विसळून पुन्हा दवाखान्यात न्यावयाची. डॉक्टर रोग्याकडे पाहत, जीभ व नाडी पाहत, आणि मग "तेच द्या" किंवा "बदलू या" असे कंपाउंडरला सांगत. औषध संपणे आणि डॉक्टरांची भेट होणे या दोन गोष्टी तेव्हा एकमेकींना बांधलेल्या होत्या.

आता ही गाठ सुटली आहे. चिठ्ठी डॉक्टर देतात, औषध दुकानात मिळते. आजार तीन दिवसांत बरा होणारा नसून जन्माची सोबत करणारा असतो. रक्तदाब आटोक्यात आला म्हणजे तो बरा झाला असे नव्हे. औषधामुळे तो आटोक्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून औषध दरमहा लागते, आणि दरमहा डॉक्टरांकडे जाण्याची गरज व सवड दोन्ही नसतात. अशा वेळी बहुतेक घरांतून जुनी चिठ्ठी हाच परवाना होऊन बसतो. पुढे तर चिठ्ठीही हरवते व रिकामी पट्टी दुकानात दाखविली की काम भागते.

जुनी चिठ्ठी पुन्हा वापरणे आणि डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा देणे या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात, परंतु त्यांच्यात मोठे अंतर आहे. पहिलीत कोणीच विचार केलेला नसतो. दुसरीत कोणी तरी विचार करून ठरविलेले असते की हे औषध, या मात्रेत, अमुक दिवसांपर्यंत चालू ठेवावयास हरकत नाही.

नियम काय सांगतो

या दुसऱ्या प्रकाराची सोय आपल्या देशाच्या कायद्यात फार पूर्वीपासून आहे, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीचा कायदा १९४० सालचा, आणि त्याखालील नियम १९४५ सालचे. त्यांतील ६५ व्या नियमात डॉक्टरांच्या चिठ्ठीविषयी तपशीलवार सूचना आहेत. चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही व तारीख असावी, रोग्याचे नाव व पत्ता असावा, औषधाचे एकूण प्रमाण व घ्यावयाची मात्रा लिहिलेली असावी. अनुसूची एच या यादीत असलेली औषधे अशा चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत.

पुढचा भाग आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अशा औषधाची चिठ्ठी एकदाच वापरता येते. मात्र ती एकाहून अधिक वेळा वापरावी असे डॉक्टरांनी स्वतः तिच्यावर लिहिले असेल, तर गोष्ट वेगळी. किती वेळा व किती दिवसांच्या अंतराने हे त्यांनी नमूद केले असेल, तर दुकानदाराने त्याप्रमाणेच औषध द्यावयाचे असते. प्रत्येक वेळी आपल्या दुकानाचे नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवावयाची असते. चिठ्ठीत लिहिलेल्या औषधाऐवजी आपल्या मनाने दुसरे देऊ नये, असेही हाच नियम सांगतो. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने जे केले ते सद्भावनेने केले. परंतु नियम त्याहून कडक आहे, आणि तो का कडक आहे हे अण्णांच्या मनगटाने आम्हांला शिकविले.

म्हणजे जे हवे ते कायद्यात आहेच. ते मागून घेण्याची सवय मात्र आपल्याला नाही. चिठ्ठीच्या तळाशी डॉक्टरांकडून अशा अर्थाचे एक वाक्य लिहून घेतले की पुरे: "हीच औषधे ३० दिवसांच्या अंतराने आणखी दोन वेळा द्यावीत." त्याच्याखाली पुढच्या तपासणीची तारीख. एवढ्या दोन ओळींनी तीन महिन्यांची निश्चिंती होते, आणि चौथ्या महिन्यात डॉक्टरांकडे जावेच लागते. ही सक्ती जाच वाटण्याचे कारण नाही. बाटलीच्या काळी जी गाठ होती तीच आपण कागदावर पुन्हा बांधीत आहोत.

चांगली चिठ्ठी कशी असते

सुवाच्य अक्षर ही पहिली गोष्ट. औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक, नाव स्पष्ट व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, अशी सूचना भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली डॉक्टरांच्या आचारनियमांत घातली. रोग्याच्या दृष्टीने या एका नावाचे दोन लाभ आहेत. गाव बदलले, दुकान बदलले, तरी औषध ओळखता येते. शिवाय ज्या जन औषधी केंद्रांतून मूळ नावाने औषधे स्वस्त मिळतात, तेथे ती चिठ्ठी चालते. महिनाअखेर पैशांची ओढाताण झाली की एक दिवसाआड गोळी घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यापेक्षा स्वस्त दुकान शोधणे केव्हाही श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट, प्रत्येक औषधासमोर ते कशासाठी आहे हे एका शब्दात लिहून घ्यावे. रक्तदाब, साखर, थायरॉइड, एवढे पुरे. अण्णांच्या चिठ्ठीवर "रक्तदाब" हा शब्द असता, तर नवी पट्टी दुसऱ्या कशासाठी तरी असावी असे त्यांना वाटले नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे कोणती तपासणी केव्हा करावयाची. औषध तेच राहिले तरी शरीर तेच राहत नाही. मधुमेहात ज्या रक्ततपासणीवरून मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज येतो, ती साखर आटोक्यात असतानाही वर्षातून निदान दोनदा करतात. थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून ती बरोबर बसली किंवा कसे हे पाहतात. मधुमेहाची व रक्तदाबाची काही औषधे चालू असताना मूत्रपिंडाचे काम अधूनमधून तपासावे लागते, कारण वयाबरोबर ते मंदावले की मात्रा कमी करण्याची अथवा औषधच बदलण्याची वेळ येते. चौदा महिन्यांच्या जुन्या चिठ्ठीला यांतले काहीच ठाऊक नसते.

जेथे ही व्यवस्था चालते

ज्यांची मुले वा भावंडे इंग्लंडमध्ये आहेत, त्यांनी दूरध्वनीवर "रिपीट" हा शब्द ऐकला असेल. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तेथे प्रत्येक कुटुंबाचे नाव जवळच्या एका दवाखान्यात नोंदविलेले असते. कायमची औषधे कोणती याची यादी डॉक्टर मंजूर करून ठेवतात. औषध संपण्यापूर्वी रोगी त्या यादीतील हवी ती नावे कळवितो. दवाखाना सामान्यतः कामाचे दोन दिवस मागून घेतो, आणि चिठ्ठी आता बहुधा संगणकावरूनच रोग्याने निवडलेल्या औषधाच्या दुकानात पोचते. यादीला पुनर्विचाराची तारीख असते. ती उलटली की डॉक्टर किंवा दवाखान्यातील औषधतज्ज्ञ रोग्याशी बोलल्याशिवाय औषध पुढे चालू ठेवीत नाहीत.

आपल्या देशाचा विस्तार व गर्दी पाहता तीच रीत येथे जशीच्या तशी येणे शक्य नाही. तथापि आपल्याकडेही प्रयत्न होत आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. आरंभीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर आमचा साताराही होता. त्यातील तत्त्वे साधी आहेत. राज्यभर उपचाराची एकच ठरलेली पद्धत, सरकारी दवाखान्यात औषधांचा अखंड पुरवठा, एका खेपेस महिन्याचे औषध, प्रत्येक रोग्याची नोंद, आणि ठरल्या दिवशी जो येत नाही त्याची विचारपूस. २०२२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुरस्काराने या कार्याचा गौरव झाला.

तामिळनाडूने एक पाऊल पुढे टाकले. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातील सामनपल्ली या गावी "मक्कळै तेडि मरुत्तुवम्" या योजनेचा आरंभ झाला. या तामिळ शब्दांचा अर्थ, लोकांना शोधत येणारे वैद्यक. स्त्री स्वयंसेविका घरोघर जाऊन रक्तदाब व साखर तपासतात आणि चालू असलेली औषधे घरपोच देतात. ज्या मजुराची एका दिवसाची मजुरी दवाखान्याच्या रांगेत बुडते, त्याला या सोयीचे मोल सांगावयास नको.

दूर राहणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शिकेनुसार, ज्या डॉक्टरांनी रोग्याला प्रत्यक्ष तपासले आहे, ते त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत दूरध्वनीवरून विचारपूस करून औषध पुढे चालू ठेवू शकतात. व्यसन लावणारी व विशेष नियंत्रणाखालील औषधे मात्र या सवलतीबाहेर आहेत.

घरचा हिशेब

सरकार आणि डॉक्टर यांनी आपापला भाग केला तरी उरलेला भाग घरात असतो. तो कठीण नाही, पण नियमाने करावा लागतो.

औषधे एकाच दिवशी संपतील असे करावे. एका गोळीची पट्टी दहाची, दुसरीची पंधराची, तिसरी दिवसातून दोनदा घ्यावयाची. त्यामुळे दर आठ दिवसांनी काही ना काही संपते आणि दुकानाची खेप पडते. एकदाच बसून हिशेब करावा. रोज एक गोळी तर महिन्याला तीस, रोज दोन तर साठ. एखाद्या महिन्यात अधिक-उणे घेऊन सर्वांचा शेवट एका तारखेस आणावा. त्याशिवाय सात दिवसांचा साठा नेहमी शिल्लक ठेवावा आणि तो तसाच पडू न देता जुने आधी, नवे नंतर, या क्रमाने वापरावा. दुकानात पट्टी कापून देतात तेव्हा मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा.

औषध संपण्यापूर्वी आठ दिवस डॉक्टरांना किंवा त्यांच्या दवाखान्यात कळवावे. शेवटची गोळी घेतल्यावर सोमवारी सकाळी रांगेत उभे राहण्यात शहाणपण नाही. काही औषधांत एक-दोन दिवसांचा खंडही महागात पडतो. आकडीचे औषध चुकले तर झटका येऊ शकतो. हृदयाची व रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबविली तर रक्तदाब उसळतो किंवा छातीत दुखू लागते. बरेच दिवस घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्याही अचानक बंद करावयाच्या नसतात.

पट्टी बदलली की थांबावे. नाव, रंग वा आकार निराळा दिसला तर दुकानातील नोंदणीकृत फार्मासिस्टला विचारावे, "हे जुन्याच्या जागी आहे की जुन्याच्या जोडीला?" १९४८ च्या फार्मसी कायद्याने ज्याला औषध देण्याचा अधिकार दिला आहे, त्याला हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला? घरी आल्यावर दोन्ही पट्ट्यांवरचे मूळ नाव जुळवून पाहावे, आणि जुनी पट्टी डब्यातून काढून ठेवावी.

येथे घरातील स्त्रियांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. सासऱ्यांच्या गोळ्या, नवऱ्याच्या गोळ्या, मुलाचा दम्याचा पंप यांची आठवण ठेवणारी गृहिणी स्वतःची थायरॉइडची गोळी मात्र "उद्या आणू" म्हणून दोन दोन आठवडे विसरते. घरात औषधांची वही ठेवावी, आणि तिच्यात सर्वांच्या बरोबरीने तिचेही पान असावे. आणि दिवस राहिल्याचा संशय येताच चालू औषधांविषयी डॉक्टरांना लगेच सांगावे. रक्तदाबाची काही औषधे गर्भाला अपाय करतात आणि ती त्वरित बदलावी लागतात. मनाने काही चालू ठेवू नये आणि मनाने काही बंदही करू नये.

जे पुन्हा आणावयाचे नाही

प्रत्येक जुनी चिठ्ठी पुन्हा वापरण्याजोगी नसते. गेल्या वर्षीच्या तापात दिलेले प्रतिजैविक औषध या वर्षीच्या तापाला चालेल असे समजणे चुकीचे आहे. असे औषध वारंवार व अर्धवट घेतल्याने जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणूनच त्यांतील काही औषधे २०१४ च्या मार्चपासून एच-१ या अधिक कडक अनुसूचीत आली, आणि त्यांची विक्री दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. सांधेदुखीवरील वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर पोट व मूत्रपिंड यांना इजा होते. झोपेच्या गोळ्यांची सवय जडते. यांपैकी कशाचीही पुनरावृत्ती डॉक्टरांनी दर वेळी नव्याने विचार करूनच करावयाची. शेजाऱ्यांना गुण आला म्हणून त्यांची चिठ्ठी आपण वापरणे, हे तर सांगावयासच नको.

अण्णा सहा आठवडे हात गळ्यात बांधून आमच्याकडे राहिले. प्लास्टर निघाल्यावर ते वाईला परतले आणि पहिल्या आठवड्यातच आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, एक गोळी कमी केली, आणि अण्णांच्या विनंतीवरून नव्या चिठ्ठीच्या तळाशी ते वाक्य लिहिले. अण्णांनी चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घातली आहे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर महिन्याच्या २३ तारखेभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढले आहे.

परवा २३ तारखेस त्यांचा दूरध्वनी आला. "अगं, दुकानात नवी पट्टी देत होता. मी त्याला चष्मा लावून मूळ नाव वाचावयास लावले. तेच निघाले. जुन्या गोळ्या संपल्यावर ही सुरू करीन." क्षणभर थांबून ते म्हणाले, "चिठ्ठीवर अजून एक वेळ शिल्लक आहे. मग तपासणी."